तंगाखालचं मीठ

धारूरचे गौसभाई खोगीर ठेवून गेले
ओट्यावर, उताणं.
एसटीनं आले होते. कंडक्टरनं
याचंही अर्धं तिकीट फाडलं, म्हणाले, आणि हसले नाहीत.

दरसाल तुळशीचं लग्न लागलं की येतात,
लाडोला दारातल्या कडुनिंबाला बांधतात,
तिला माझ्या हातची भाकरी लागते चतकोर.
या वेळी एवढंच बोलले :
माळेगावच्या जत्रेत काढायचंय,
गिऱ्हाईकाला वास नाही आला पाहिजे.

आम्ही जिनगर. आडनावातच जीन.
अंबाजोगाईत आता जीन म्हटलं की पोरं पँट समजतात.
मीही दप्तरं शिवते, कुत्र्यांचे पट्टे, बुलेटच्या सीटा.
वर्षाकाठी दोन-तीन खोगिरं, तीही वरातीची,
हळदीनं, अक्षतांनी, सांडलेल्या कोल्ड्रिंकनं चिकटलेली.

आधी रिकिबी सोडल्या. मग तंग.
तंगाच्या पट्ट्याला भोकं सात.
तिसरं लाडोचं, रोजचं, घासून लांबट झालेलं.
पहिल्यापाशी एक जुनी सुरकुती,
ती पोटुशी होती त्या सालची.
सातवं भोक मी पाडलेलं नाही.
खिळ्यानं पाडलंय कुणीतरी, घाईत, वाकडं.
एवढी वाळली होती?

बापू म्हणायचे, कामून घाई करायलीस दुर्पदे,
चामड्याला पाणी दाखवायचं, पाजायचं न्हाई.
फडकं पिळून घ्यायचं, पुन्हा पिळायचं,
साबणाचा फेस तळहातावर काढायचा
आणि गोल गोल फिरत जायचं,
शिवणीत जुना दातांचा ब्रश,
उन्हात तर ठेवायचंच न्हाई,
सावलीत वाळतं ते माणसावानी वाळतं.
आणि लोक खोगीरभरती म्हणून नावं ठेवतात ना,
एकदा बसून बघा म्हणावं
बिनभरतीच्या खोगिरावर, केजपर्यंत.

वरची बाजू तासात उजळली.
खालची पालथी केली तेव्हा हात थांबला.
आटत्या तळ्याच्या काठावर राहतात तशा
पांढऱ्या रेघा, एकीखाली एक.
घाम वाळून झालेलं मीठ.
एकेक रेघ एकेका लग्नाची असेल,
बँडच्या पुढे, फटाक्यांच्या धुरात,
वर बसलेला पाय झाडणारा कुणी नवरा,
आणि खाली ही, कान मागे टाकून, चालत.

मीठ ठेवलं तर चामडं तडकतं.
हे मला कळतं. हातालाही कळतं.
तरी चहा करून प्याले, भांडी घासली,
एक दप्तर शिवून टाकलं मध्येच.
मग कोमट पाण्यात फडकं बुडवलं.

बादलीतलं पाणी तपकिरी झालं, मग गढूळ,
दाराच्या दगडाजवळ ओतून दिलं.

रात्री करडईचं तेल मंद आचेवर ठेवलं,
सुपारीएवढा मेणाचा खडा विरघळवला,
बोटांनीच लावलं, थोडं थोडं.
चामडं हवं तेवढं घेतं,
पुढचं नुसतं अंगावर बाळगतं.
सकाळी कोरड्या कापडानं पुसलं तर
त्यात खिडकीचे गज दिसायला लागले.

गौसभाई परवा आले.
खोगीर उचललं, पालथं केलं, नाक लावलं.
गेला वास, म्हणाले.
बरं झालं की वाईट, ते मला कळलं नाही.
पट्टा बदलू का, मी विचारलं, सातवं भोक वाकडंय.
राहू दे.
वीस रुपये कमी दिले, नेहमीसारखे.

तेवढ्यात शेजारच्या साळूची शेळी
दावं तोडून आली, कालसारखीच,
आणि दाराचा दगड चाटायला लागली.
हिला काय सापडलंय तिथं?
काही नाही, म्हटलं. मीठ आहे.

ते खोगीर खांद्यावर घेऊन उभे राहिले
शेळीचं चाटून होईपर्यंत.
दीडची एसटी गेली.